तारा आल्या, मग पॅसेंजर लवकर का पोचत नाही?

कोकण रेल्वेचं विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण झालं. तेव्हापासून एक तक्रार हमखास ऐकू येते: तारा आल्या, धूर गेला, मग पॅसेंजर अजून रखडते कशी? वीज म्हणजे वेग, ही त्यामागची समजूत. पण जवळजवळ थांबे घेणाऱ्या गाडीला कमाल वेगाचं फारसं कौतुक नसतं. थांबल्यावर ती किती झटकन वेग घेते, म्हणजे तिचं त्वरण किती, यावर तिचं वेळापत्रक उभं असतं.

चर्चगेट ते बोरिवली घ्या. ३४ किलोमीटर, २२ स्थानकं. दोन स्थानकांत सरासरी जेमतेम १.६ किलोमीटर. गाडीला ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेग गाठायचाय असं धरू. वेग दर सेकंदाला ०.५ मीटरने वाढला तर ४० सेकंद लागतील, ०.२ मीटरने वाढला तर १००. या काळात सरासरी वेग निम्मा असतो, म्हणून वाया जाणारा वेळ अनुक्रमे २० आणि ५० सेकंद. फरक ३० सेकंदांचा. किरकोळ वाटतो? सगळीकडे थांबणाऱ्या स्लो लोकलला २१ वेळा सुटायचं असतं. साडेदहा मिनिटं गेली.

मग जास्त ताकदीचं इंजिन लावा की! इथेच खरी गंमत आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर ढकलतं ते घर्षणाच्या जिवावर, आणि हा घर्षणगुणांक कोरड्या रुळावर ०.२५ च्या आसपास धरतात. पावसात आणखी कमी. म्हणजे चाकावर जेवढं वजन, त्याच्या पाव पटच जोर लावता येतो. १२० टनांच्या इंजिनाची ओढ फार तर ३० टन. मागे ८०० टनांची भरलेली गाडी असेल तर एकूण ९२० टन हलवायचे, आणि त्वरण निघतं ०.३२ (वरच्या ०.५ आणि ०.२ च्याच मापात), तेही सुरुवातीला. अश्वशक्ती दुप्पट केलीत तरी चाकं जागच्या जागी फिरतील. (नव्या इंजिनाला लिंबू-मिरच्या बांधण्याची आपल्याकडे हौस आहे. त्याने घर्षण वाढत नाही. त्यासाठी इंजिनात वाळूच्या पेट्या असतात. चाकं घसरू लागली की रुळावर वाळू सोडतात.)

लोकलला वेगळं इंजिनच नसतं. बारा डब्यांत चार मोटर कोच, म्हणजे खाली मोटरी बसवलेले डबे, प्रत्येकाच्या चारही आसांना मोटर, एकूण सोळा मोटरी. गाडीचं साधारण एक तृतीयांश वजन मोटरीने फिरणाऱ्या चाकांवर येतं, त्यामुळे घर्षणाच्या जिवावर त्वरण ०.८ पर्यंत जाऊ शकतं. गरज ०.५ ची, म्हणजे ओल्या रुळासाठीही शिल्लक उरते. शिवाय मोटर कोचमध्ये कोंबलेली माणसंच चाकं रुळावर दाबून धरतात! इंजिनाने ओढायच्या गाडीत मात्र गर्दी म्हणजे नुसतं ओझं.

हे सगळं जमतं ते शक्ती तारेतून येते म्हणून. डिझेल गाडीला आपला वीजनिर्मिती संच सोबत वाहावा लागतो.

तारेतला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेजही महत्त्वाचं. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी–कुर्ला विजेची गाडी सुरू झाली ती १५०० व्होल्ट डीसीवर. तीन मेगावॉट घ्यायचे तर तिथे २००० अँपिअर लागतात, २५,००० व्होल्टला १२०. तार तीच धरली तर उष्णतेतला अपव्यय प्रवाहाच्या वर्गाने बदलतो, म्हणजे पावणेतीनशे पटींचा फरक! १५०० वरून २५,००० व्होल्टवर जाण्याचं काम पश्चिम रेल्वेने २०१२ मध्ये संपवलं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाने २०१५ मध्ये, हार्बरने २०१६ मध्ये.

आता कोकणातली पॅसेंजर. दिवा–सावंतवाडीला आजही पुढून एकच इंजिन ओढतं. डिझेलच्या जागी विजेचं आलं, पण घर्षणाचं गणित तेच राहिलं. स्थानकंही लांब लांब, त्यामुळे सुटताना वाचवण्यासारखे सेकंद मुळात थोडे. त्यातून रोहा–वीर टप्पा सोडला तर कोकण रेल्वेचा जवळपास सगळा मार्ग एकेरी. समोरून एक्स्प्रेस आली की पॅसेंजर क्रॉसिंगला उभी, आणि एका क्रॉसिंगमध्ये दिवसभराची बचत बुडते.

पुणे–दौंडची गोष्ट आणखी विचित्र: २०१७ मध्ये तिथे विजेच्या तारांखालून डेमू, म्हणजे वेगळं इंजिन न जोडता स्वतःच्याच डिझेलवर चालणारी गाडी, धावू लागली. प्रवासी तिथे लोकल मागतात, पण लोकलला उंच फलाट हवेत. मेमू, म्हणजे तशीच पण विजेवर चालणारी गाडी; तिच्या दारांना पायऱ्या असतात आणि मोटरी तिच्याही डब्यांखालीच. शाखामार्गांवर आधी ती सोडा, आणि कोकणात क्रॉसिंगची ठिकाणं वाढवा. ताशी शंभर-सव्वाशेच्या घोषणा मागाहून करा.