ऑन्टारियोतली वसंतातली अस्वलशिकार: बंद का झाली आणि परत कशी आली

कॅनडातल्या ऑन्टारियोत काळ्या अस्वलांची वसंतातली शिकार आज कायदेशीर आहे, १ मे ते १५ जून. मधली काही वर्षं मात्र ती बंद होती, आणि १९९९ मध्ये बंद कोणी केली तर माइक हॅरिसच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने, ज्यांच्या मतदारांत शिकारी भरपूर.

आक्षेप पिल्लांवरून होता. मादी ऐन हिवाळ्यात गुहेतच विते, पिल्लं तेव्हा जेमतेम ३०० ग्रॅमची, आणि पुढे जवळपास दीड वर्ष ती आईबरोबरच असतात. मे मध्ये अस्वलं भुकेलेली, बेरी अजून पिकलेल्या नसतात, आणि शिकारी काय करतात तर ड्रममध्ये शिळे डोनट, मांस, तेलकट खरकटं भरून ठेवतात आणि वर मचाणावर दबा धरून बसतात. मादी पिल्लांना झाडावर चढवून एकटीच ड्रमपाशी येऊ शकते, आणि अंधार पडायच्या वेळी लांबून नर की मादी हे ओळखणं सोपं नाही. पिल्लंवाल्या मादीला मारायचं नाही असा नियम आहे हो, पण पिल्लं दिसलीच नाहीत तर तो पाळणार कसा? याचं पटेल असं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

उद्योगपती रॉबर्ट शाड यांनी अनाथ पिल्लांसाठीच्या मोहिमेमागे पैसा उभा केला आणि शेवटी सरकार नमलं. उत्तरेकडच्या गाइड लोकांचा धंदा बसला, त्यांची बरीच गिऱ्हाइकं अमेरिकेतून यायची, त्यांचा राग मी खोटा म्हणणार नाही. पुढे सडबरी, टिमिन्ससारख्या गावांत अस्वलं कचऱ्यावर येऊ लागली की खापर बंदीवर फुटायचं. २०१४ मध्ये लिबरल सरकारने लोकांच्या सुरक्षिततेचं कारण देत ८ विभागांत शिकार प्रायोगिक म्हणून परत सुरू केली, २०१६ ला ती वाढवली आणि परदेशी शिकाऱ्यांनाही मोकळी केली, २०२१ पासून ती कायमचीच.

आणि हे सगळं कधी, तर २०१४ मध्येच ऑन्टारियो सरकारच्याच शास्त्रज्ञांचा अभ्यास आला होता की रानातलं खाणं कमी पडतं त्या वर्षी अस्वलं वस्तीकडे वळतात, जास्त शिकार केल्याने त्रास कमी होतो असं दिसत नाही. म्हणजे १९९९ चा प्रश्न सुटला नव्हताच, फक्त चर्चा पिल्लांवरून गावाच्या सुरक्षिततेकडे वळवली गेली. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १९९२ मध्ये लोकांनी थेट मतदान करून वसंतातली शिकार आणि आमिष दोन्ही बंद केलं, सुमारे ७० टक्के मतांनी, आणि तिथे अस्वलाची शिकार आजही सप्टेंबरशिवाय सुरू होत नाही.