चासीला गेलेला तडा आणि चासीला लागलेला गंज

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एखाद्या गॅरेजात दहा-बारा वर्षे राबलेली पिकअप उचलून धरली आणि चासीवर तांबूस रेघ दिसली, की मालकापासून वेल्डरपर्यंत सगळ्यांचे निदान एकच असते: ‘चासी क्रॅक गेली, वेल्डिंग मारून घेऊ.’ ही रेघ मात्र दोन अगदी वेगळ्या दोषांची असू शकते. पुन्हापुन्हा पडणाऱ्या भाराने थकलेल्या पोलादाला गेलेला तडा हा एक, आणि गंजाने धातू खाऊन टाकल्यामुळे पडलेली फट हा दुसरा. पहिल्यात दोष एका जागेचा असतो आणि आजूबाजूचे पोलाद शाबूत असते. दुसऱ्यात पोलादच उरलेले नसते.

पिकअपची चासी शिडीसारखी असते. गाडीच्या लांबीभर जाणारे दोन लाँग मेंबर आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर, असा तिचा सांगाडा. भरलेली गाडी खड्ड्यात आदळली की लाँग मेंबर किंचित वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. एका आदळण्याने काहीच बिघडत नाही, पण धातू एका दणक्यात मोडायला जेवढा भार लागतो त्याहून कितीतरी कमी भारही लाखो वेळा पडला तर तो मोडतो, हे जर्मन अभियंता आउगुस्ट व्योलर याने १८५० आणि १८६० च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवून दिले. तुर्भ्याच्या बाजार समितीतून पासिंगपेक्षा, म्हणजे मंजूर वजनापेक्षा, जास्त कांदा-बटाटा भरून निघणारी गाडी तोच प्रयोग रोज करीत असते. असा तडा कुठेही जात नाही. स्प्रिंगच्या पाट्या धरणारा हँगर जिथे बसवलेला असतो तिथे, केबिनच्या लगेच मागे, एखाद्या भोकाच्या कडेला किंवा जुन्या वेल्डिंगच्या टोकाशी, म्हणजे जिथे ताण एकवटतो तिथेच तो सुरू होतो.

गंजाला असा नेम नसतो. त्याला फक्त पाणी साचायला जागा हवी. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि खाडीची खारी हवा बारा महिने असते. त्यातही सर्वांत वाईट दशा मासळीच्या गाड्यांची होते, कारण बर्फाचे खारट पाणी हौद्यातून झिरपून नेमके लाँग मेंबरवर उतरते आणि क्रॉस मेंबरच्या सांध्यात साचलेल्या चिखलात मुरते. पेटीसारखी बंद चासी असेल तर ती आतून सडते आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसतो. अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथे टोयोटाच्या टॅकोमा आणि टुंड्रा या पिकअपच्या चासी गंजल्याबद्दल २०१६ साली कंपनीची गाडीमालकांशी जी तडजोड झाली, तिची किंमत सुमारे ३.४ अब्ज डॉलरपर्यंत आकारली गेली होती. तेव्हा हा दोष केवळ आपल्या हवेचा आणि हलगर्जीपणाचा, असे समजण्याचे कारण नाही.

फसगत होते ती रंगामुळे. तड्याच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घासून जी बारीक पूड निघते, ती पाण्याबरोबर ओघळली की गंजासारखीच दिसते. म्हणून रेघेकडे न पाहता रेघेच्या शेजारी पाहावे. तारेच्या ब्रशने जागा घासल्यावर खाली चकचकीत, सपाट धातू आणि त्यात केसासारखी बारीक, धारदार रेषा दिसली, तर तो थकव्याचा तडा समजावा. पापुद्रे सुटत असतील, धातूला खड्डे पडलेले असतील आणि हातोडीचा आवाज खणखणीत न येता बद्द येत असेल, तर तो गंज. स्क्रू ड्रायव्हर टोचल्यावर आत गेला, तर पुढे बोलायलाच नको. तड्याचे खरे टोक डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी लाल रंग मुरवून वर पांढरी पावडर फवारण्याची डीपी टेस्ट करावी लागते. महापे-रबाळेच्या फॅब्रिकेशनवाल्यांना ती नवी नाही, आणि तिचा खर्च दुसऱ्यांदा गाडी उभी करण्याच्या मानाने किरकोळ असतो.

थकव्याच्या तड्याची दुरुस्ती नीट केली तर टिकते. तड्याच्या टोकाशी साधारण ६ मिलिमीटरचे भोक पाडून त्याची वाट अडवायची, तडा ग्राइंडरने व्ही आकारात पूर्ण खोलीपर्यंत उघडायचा आणि मग वेल्डिंग भरायचे. वेल्डिंगचा रॉड नेहमीच्या ६०१३ क्रमांकाऐवजी ७०१८ चा घ्यावा, आणि तोही ओव्हनमध्ये कोरडा केलेला, कारण दमट रॉडमधला हायड्रोजन वेल्डिंगच्या कडेला नवा तडा देऊ शकतो. वरून प्लेट मारायची असेल तर तिची टोके तिरकी कापावीत. चौकोनी प्लेट दिसायला नीटस असते, पण तिच्या उभ्या कडेचे वेल्डिंग लाँग मेंबरला आडवे जाते, तिथे ताण एकवटतो आणि पुढचा तडा त्याच रेषेत जातो. लाँग मेंबरच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीवर वाकण्याचा ताण सर्वांत जास्त येत असल्यामुळे तिथे विनाकारण वेल्डिंग करू नये. बॅटरीचे कनेक्शन आधी काढावे आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून फिरत नाही. हँगरचे झिजलेले बुश आणि ढिले यू-बोल्ट त्याच दिवशी बदलले नाहीत, तर हा सगळा खटाटोप वाया जातो.

गंजलेल्या जागी हीच रीत वापरली की पातळ धातूला भोके पडतात, किंवा प्लेटखाली गंज झाकला जाऊन सुखाने वाढत राहतो. तिथे निरोगी धातू लागेपर्यंत कापून तितक्याच जाडीचा तुकडा जोडणे हाच उपाय आहे, आणि त्यानंतर झिंकचा प्रायमर, आतून मेण आणि पाणी निघून जाण्याची भोके मोकळी ठेवणे आवश्यक आहे. लाँग मेंबर अनेक ठिकाणी खाल्ला गेला असेल, तर मी त्या गाडीवर पैसे घालणार नाही.

जुन्या गाडीत पुष्कळदा दोन्ही दोष एकत्र सापडतात, कारण गंजाने पाडलेला खड्डा हीच तड्याची सुरुवात ठरते. अशा वेळी आधी धातूची उरलेली जाडी मोजावी आणि तड्याचा विचार नंतर करावा. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस घ्यावी लागते आणि तिथे चासी नंबर तपासला जातो. गंजलेला भाग नेमका त्या कोरलेल्या आकड्यांपाशी असेल, तर ग्राइंडर चालवण्याआधी एमएच ०४ ची गाडी असल्यास ठाण्याच्या आणि एमएच ४३ ची असल्यास वाशीच्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करावी.