ठरलेले बंदर वगळले, तर पैसे कोणाचे? क्रूझ प्रवासातील बदल आणि भरपाईच्या वादाची पार्श्वभूमी

क्रूझ हा प्रकार आता वरूडच्या संत्रा बागायतदाराला, पुसदच्या निवृत्त गुरुजींना किंवा आर्वीच्या एखाद्या भिशी गटाला अगदी अनोळखी राहिलेला नाही. आंबिया बहाराचे पैसे हाती आल्यावर किंवा निवृत्तीची रक्कम जमा झाल्यावर तालुक्याच्या गावातील टूरवाल्याकडे नाव नोंदवले जाते, तो विदर्भ किंवा सेवाग्राम एक्स्प्रेसची आरक्षणे काढतो आणि मुंबईहून निघणाऱ्या जहाजाचा प्रवासक्रम छापील कागदावर देतो. त्या कागदावरील एखादे बंदर ऐनवेळी वगळले गेले, थांबा दिवसावरून चार तासांवर आला किंवा जहाज भलत्याच दिशेला वळले, तर तक्रारीला मिळणारे उत्तर मात्र जगभर एकच असते. प्रवासक्रम बदलण्याचा अधिकार कंपनीने तिकिटाच्या अटींमध्ये राखून ठेवला आहे आणि प्रवाशाने त्या अटी मान्य केल्या आहेत, असे ते उत्तर. त्यात किती तथ्य आहे, हे समजण्यासाठी ते कोठून आले हे पाहावे लागते.

त्याचा एक भाग निर्विवाद आहे. जहाज कोठे न्यायचे आणि कोठे न्यायचे नाही, याचा अंतिम निर्णय कप्तानाचा असतो. सागरी सुरक्षेच्या 1974 च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणात असा नियमच आहे की, जीविताच्या सुरक्षिततेसाठी आणि सागरी पर्यावरणाच्या रक्षणासाठी कप्तानाला आवश्यक वाटणाऱ्या निर्णयात जहाजाच्या मालकाने किंवा चालक कंपनीने आडकाठी करू नये. आपल्याकडे नाल्याला पूर आला की एसटीचा चालक गाडी पुलाअलीकडे थांबवतो, आणि शहाणा प्रवासी त्याबद्दल त्याच्याशी भांडत नाही. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी तर मोठे जहाज धक्क्याला लागतच नाही, प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर न्यावे लागते, आणि लाटा वाढल्या की उतरणे रद्द होते. त्याला कोणाचाही इलाज नाही.

वाद सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. सुरक्षेसाठी कप्तानाला दिलेले संरक्षण कंपन्यांच्या करारांत हळूहळू पसरत गेले आणि त्याच्या आडोशाला इतर कारणेही येऊन बसली. वादळ, बंदरावरील गर्दी, धक्का न मिळणे, इंजिनातील आधीपासून ठाऊक असलेला बिघाड, इंधन वाचवण्यासाठी कमी केलेला वेग ही सारी कारणे एकाच कलमाखाली आली. नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागल्यावर सुएझमार्गे ठरलेल्या अनेक क्रूझ आफ्रिकेला वळसा घालून नेण्यात आल्या, आणि बंदरे पाहण्यासाठी पैसे भरलेल्या प्रवाशांच्या वाट्याला उघड्या समुद्रावरचे लांबच लांब दिवस आले. मार्ग बदलणे योग्यच होते, याबद्दल फारसे दुमत नव्हते. न दाखवलेल्या बंदरांचे पैसे कंपनीकडे का राहावेत, हा प्रश्न मात्र उरलाच.

तिकिटावरील बारीक अक्षरांना बळ मिळाले ते अमेरिकेत. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये असे ठरवले की, कंपनीवरील दावा फक्त फ्लोरिडातच चालेल ही तिकिटावर छापलेली अट देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्या प्रवाशालाही बांधील आहे. ते प्रकरण जहाजावर पडून झालेल्या दुखापतीचे होते, प्रवासक्रमाचे नव्हते. तरीही त्याचा परिणाम सर्वच तक्रारींवर झाला, कारण थोड्या रकमेसाठी हजारो किलोमीटर दूरच्या न्यायालयात कोणी जात नाही. पुढे 1997 मध्ये फ्लोरिडा राज्याने काही कंपन्यांशी समझोता करून 'बंदर शुल्क' या नावाखाली बंदराला न दिलेली रक्कम वसूल करणे थांबवले. बंदर वगळल्यावर कंपनी जी किरकोळ रक्कम जहाजावरील खात्यात परत जमा करते, ती बहुधा हे शुल्कच असते, म्हणजे कंपनीने खर्चच न केलेला पैसा. त्याला भरपाई म्हणणे हा शब्दांचा उदारपणा झाला.

फेब्रुवारी 2013 मध्ये मेक्सिकोच्या आखातात एका क्रूझ जहाजाच्या इंजिनकक्षाला आग लागली. 4,000 हून अधिक माणसे घेऊन ते जहाज वीज आणि स्वच्छतागृहांविना कित्येक दिवस रखडले, तेव्हा या उद्योगाने त्याच वर्षी प्रवाशांच्या हक्कांची एक सनद स्वतःहून स्वीकारली. यांत्रिक बिघाडाने सफर रद्द झाल्यास पूर्ण परतावा आणि मध्येच संपल्यास अंशतः परतावा असे तिचे स्वरूप आहे. प्रवासक्रमातील बदलाबाबत मात्र ती वेळेवर माहिती देण्यापुरतेच बोलते.

मनस्तापाला किंमत असते, ही कल्पना याच्याही आधीची असून ती जमिनीवरील सहलींतून आली. इंग्लंडमध्ये एका नोकरदाराने स्वित्झर्लंडमधील हिवाळी सुट्टीसाठी 63.45 पौंड भरले होते. जाहिरातपत्रकातील मौजमजेपैकी फारच थोडे प्रत्यक्षात मिळाल्यामुळे 1972 मध्ये अपील न्यायालयाने त्याला 125 पौंड देवविले, म्हणजे भरलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट. सिडनीहून 14 दिवसांच्या सफरीवर निघालेले एक सोव्हिएत जहाज फेब्रुवारी 1986 मध्ये न्यूझीलंडजवळ दहाव्या दिवशी बुडाले. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये त्यातील एका प्रवासी महिलेला संपूर्ण भाडे परत देण्यास नकार दिला, कारण आठ पूर्ण दिवस तिने सफरीचा लाभ घेतला होता. पण आनंदासाठी केलेल्या करारात निराशेची भरपाई मिळू शकते, हे तत्त्व त्याने मान्य केले.

याच न्यायालयाचा 24 एप्रिल 2020 चा निकाल या विषयात सर्वाधिक महत्त्वाचा आहे. त्याकडे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे, कारण आपल्याकडील चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. प्रकरण समुद्राचे नसून नदीचे होते. 2013 च्या उन्हाळ्यात युरोपातील नद्यांना मोठे पूर आले. ॲमस्टरडॅमहून बुडापेस्टला नेणाऱ्या आलिशान नदीक्रूझवर बहुतांश प्रवासी ऑस्ट्रेलियातून, आयुष्यात एकदाच करायची सफर म्हणून आले होते. पाणी चढल्यामुळे जहाजांना पुलांखालून जाता येईना, तेव्हा प्रवाशांना बसमध्ये बसवून गावोगाव फिरवण्यात आले. ज्याच्या नावाने दावा चालला त्या प्रवाशाला दहा दिवसांऐवजी तीनच दिवस नदीवर मिळाले, तासन्‌तास बस आणि दोनदा तरी जहाज बदलणे पदरी पडले. 13 सफरींवरील सुमारे 1,500 प्रवाशांच्या वतीने हा सामूहिक दावा होता.

कंपनीचा बचाव ओळखीचाच होता. पूर ही दैवी आपत्ती आणि जहाजाऐवजी बस वापरण्याचा अधिकार करारात राखलेला. खालच्या न्यायालयाने यावर जो प्रश्न धरला तो निर्णायक ठरला. पूर कोणी आणला हे त्याने विचारले नाही. कंपनीला नदीची स्थिती केव्हा कळली किंवा कळायला हवी होती, आणि कळल्यावर तिने प्रवाशांना काय सांगितले, हे विचारले. विमानात बसण्याआधीच प्रवाशाला खरी स्थिती सांगून सफर रद्द करण्याचा किंवा दुसरी तारीख घेण्याचा पर्याय देता आला असता, आणि तो दिला नाही, यात सेवेतील कसूर दिसली. शिवाय जलपर्यटन म्हणून विकलेली सेवा त्या हेतूला योग्य असावी ही ग्राहक कायद्यातील हमी करारातील राखीव कलमाने पुसली जात नाही, हेही ठरले. निराशेपोटी 2,000 ऑस्ट्रेलियन डॉलर देण्यात आले.

येथे खरा पेच आला. संबंधित राज्याच्या कायद्यात वैयक्तिक इजेच्या दाव्यांवर मर्यादा आहे. आर्थिक नसलेली हानी ठरावीक तीव्रतेखाली असेल तर भरपाई मिळत नाही. अपील न्यायालयाने 2018 मध्ये निराशेलाही मानसिक इजेत धरले आणि ती रक्कम काढून टाकली. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. सुट्टी वाया गेल्याचे दुःख ही इजा नाही, तर करारात विकलेला आनंद न मिळाल्याची हानी आहे, असे त्याचे म्हणणे. तर्क सरळ आहे. ज्याने आनंद विकून पैसे घेतले, त्याला आनंद न मिळण्याची जोखीम पूर्णपणे ग्राहकावर ढकलता येत नाही. मला स्वतःला या निकालातील रकमेपेक्षा 'केव्हा कळले' हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो, कारण तो कप्तानाच्या निर्णयाला हात न लावता कंपनीच्या वागण्यावर बोट ठेवतो.

युरोपने हाच गुंता कायद्याने सोडवण्याचा प्रयत्न केला. पॅकेज सहलींचा 1990 चा निर्देश, म्हणजे युरोपीय संघाने सदस्य देशांना घालून दिलेला नियम, बदलून नवा निर्देश 1 जुलै 2018 पासून लागू झाला. त्यात किंमत कमी होणे आणि नुकसानभरपाई या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. अटळ आणि असाधारण परिस्थितीमुळे सेवा अपुरी राहिली तर नुकसानभरपाई मिळत नाही, पण न मिळालेल्या भागापुरती किंमत कमी करून मागता येते, मग दोष कोणाचाही नसो. मार्च 2020 मध्ये कॅनरी बेटांवर कोविडच्या निर्बंधांत अडकलेल्या जर्मन पर्यटकांच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये ते स्पष्ट केले.

भारतात पॅकेज सहलींसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. आधार आहे तो 1986 च्या आणि नंतर 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. मानसिक त्रासाची भरपाई ग्राहक मंच देऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1993 मध्येच घरांच्या एका प्रकरणात मान्य केले होते. 2019 च्या कायद्याने सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत आणखी एक गोष्ट घातली: संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणे. ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने जो प्रश्न विचारला, तोच येथे व्याख्येत बसला आहे.

ग्रामीण विदर्भाच्या दृष्टीने त्याहून मोठा बदल म्हणजे तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही (पूर्वीच्या ग्राहक मंचात) तक्रार करता येते. जुन्या कायद्यात कंपनीचे कार्यालय किंवा तक्रारीचे कारण जेथे, तेथेच सहसा जावे लागे, आणि यवतमाळ वा वाशीमच्या माणसासाठी मुंबईच्या तारखा म्हणजे तक्रार सोडून देणेच होते. आता भरलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगापुढे चालते, 5 लाखांपर्यंत शुल्कही नाही. करारात लवादाची अट असली तरी आयोगाचे दार बंद होत नाही, हे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. पैसे पुण्यातील मुलाने भरले आणि प्रवास आर्णीच्या आईवडिलांनी केला, तरी लाभार्थी म्हणून आईवडीलही ग्राहक ठरतात.

मात्र येथे एक अडचण कायद्यानेच ठेवली आहे. सेवा अपुरी होती असे म्हणायचे असेल तर जिल्हा आयोग पुरतो. तिकिटावरील अटच अन्याय्य आहे, असा करारालाच आव्हान देणारा मुद्दा असेल तर 'अन्याय्य करारा'ची तक्रार ऐकण्याचा अधिकार राज्य आयोगापासून सुरू होतो, मग रक्कम पन्नास हजारांची असली तरी. त्यामुळे बहुतेक वकील अटीला हात न लावता माहिती कधी दिली आणि सेवा किती मिळाली यावर भर देतील, आणि तसे करणे शहाणपणाचेही आहे. पण त्याचा परिणाम असा की प्रवासक्रम बदलण्याचे ते सर्वसमावेशक कलम जिल्हा पातळीवर सहसा तपासलेच जात नाही.

रकमेचे गणितही येथे वेगळे पडते. मुंबईचा माणूस जहाज एक दिवस उशिरा सुटले तर घरी जाऊन झोपतो, तर विदर्भातील गटाला लॉजचे भाडे, परतीच्या रेल्वे तिकिटांवरील कपात आणि गावी ठेवलेल्या गड्याची वाढीव मजुरी असा खर्च येतो. कंपनी देत असलेल्या पुढील सफरीच्या क्रेडिटमध्ये यातील काहीच धरलेले नसते, आणि पुन्हा एवढा प्रवास करण्याची ज्यांची तयारी नाही त्यांच्यासाठी ते क्रेडिट कागदच राहते. कोविडच्या काळात असे क्रेडिट देण्याची पद्धत सर्वत्र रुळली. विमानतिकिटांच्या परताव्याचा प्रश्न तेव्हा ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन सुटला, क्रूझबाबत तशी सर्वसाधारण व्यवस्था ठरली नाही.

देशांतर्गत क्रूझ वाढवण्याची केंद्र सरकारची मोहीम 30 सप्टेंबर 2024 रोजी सुरू झाली आणि ती मार्च 2029 पर्यंत चालणार आहे. तिचा भर टर्मिनल, धक्के आणि प्रवासीसंख्या दुप्पट करण्यावर आहे. ज्यांची सफर बिघडली, त्यांच्यासाठी तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. प्रवासक्रमाचा मूळ कागद, बदल कळवणारा संदेश आणि त्यावरील तारीख-वेळ, टूरवाल्याने दिलेली पावती एवढे जपलेले असेल तर 'केव्हा कळले' या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर ग्राहकाच्या हाती असते. उरलेले अर्धे कंपनीकडील नोंदींत असते, आणि त्या सादर करण्याचा आदेश आयोग देऊ शकतो.