रिसेंटमधून ॲप उडवणं आणि फोर्स स्टॉप करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

आईच्या अँड्रॉइड फोनमध्ये गोळ्यांची आठवण करून देणारं एक ॲप आहे, सकाळी आठला आणि रात्री नऊला वाजतं. मध्ये फोन फार स्लो चालत होता म्हणून मी सेटिंग्जमध्ये जाऊन एकेक ॲप फोर्स स्टॉप (म्हणजे जबरदस्तीने बंद) करत गेलो आणि त्यात हेही बंद झालं. दोन दिवस ते वाजलंच नाही, आईला वाटलं फोनचा आवाज गेलाय, आणि तिच्या चार गोळ्या चुकल्या. हेच ॲप ती रोज रिसेंटमधून, म्हणजे अलीकडे उघडलेल्या ॲप्सची कार्डं दिसतात त्या स्क्रीनवरून, स्वाइप करून उडवते तेव्हा मात्र बरोब्बर वेळेवर वाजतं. तेव्हापासून हा फरक मी भेटेल त्याला सांगतो, कारण बहुतेकांना दोन्ही म्हणजे "ॲप बंद करणं" असंच वाटतं.

आधी स्वाइपचं बघू. रिसेंटची यादी म्हणजे चालू असलेल्या ॲप्सची यादी नाहीये, तुम्ही अलीकडे काय काय उघडलं होतं त्याचा तो इतिहास आहे. फोन रिस्टार्ट करून बघा, कार्डं बऱ्याचदा तशीच्या तशी दिसतात, म्हणजे त्यातली कित्येक ॲप्स त्या क्षणी रॅममध्ये नसतातच. तुम्ही कार्ड उडवलं की ते यादीतून जातं, आणि मागे काही काम चालू नसेल तर सिस्टीम सहसा त्या ॲपची प्रोसेसही (मेमरीत चालू असलेला भाग) मारते, पण गाणं वाजवणारं किंवा रस्ता दाखवणारं ॲप नोटिफिकेशन लावून मागे चालूच राहू शकतं. लावलेले अलार्म शाबूत, ठरवून ठेवलेली बॅकग्राउंडची कामं शाबूत, आणि मेसेज आला की सिस्टीम ॲपला परत उठवते.

फोर्स स्टॉपमध्ये यातलं काहीच उरत नाही. सगळ्या प्रोसेस मरतात, अलार्म रद्द, कामं रद्द, नोटिफिकेशन गायब, आणि वर त्या ॲपवर "थांबवलेलं" असा शिक्का बसतो. हा शिक्का २०११ च्या अँड्रॉइड ३.१ पासून आहे. तो असेपर्यंत फोन चालू झाल्याची बातमीसुद्धा ॲपला मिळत नाही, त्यामुळे रिस्टार्ट करूनही ते आपोआप उठत नाही, पुश मेसेजही (सर्व्हरकडून ॲपला येणारे निरोप) पोचत नाहीत. तुम्ही स्वतः आयकॉनवर बोट ठेवून उघडलं की शिक्का जातो. आईच्या बाबतीत हेच झालं होतं, ॲप एकदा उघडल्यावर सगळं पूर्ववत.

आणि हे मला फार आवडतं, की नवीन इन्स्टॉल केलेलं पण एकदाही न उघडलेलं ॲपसुद्धा याच शिक्क्यासकट येतं. म्हणजे कुणी गुपचूप काही टाकलं तरी ते उघडल्याशिवाय त्याला आपलं आपण सुरू होणं अवघड जातं. सुरक्षेच्या दृष्टीने ही लहानशी सोय खूप मोलाची आहे.

आता रॅमचं. "सगळं उडवलं की फोन हलका होतो" हा समज घट्ट बसलाय, पण अँड्रॉइड लिनक्स कर्नलवर (सिस्टीमचा गाभा) चालतं आणि जागा कमी पडली की कमी गरजेच्या प्रोसेस स्वतःच मारतं. मागे नुसतं पडून असलेलं ॲप रॅममध्ये जागा घेतं हे खरं, पण अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये अशा ॲप्सना गोठवून ठेवतात, सीपीयू त्यांना मिळतच नाही, मग बॅटरी कशाला जाईल? उलट दर दहा मिनिटांनी उडवलं की पुढच्या वेळी नवी प्रोसेस, कोड परत लोड, स्क्रीन परत उभी, आणि त्यालाच जास्त बॅटरी लागते.

आयफोनवाल्यांनी इथे जरा थांबा, कारण तुमच्याकडे फोर्स स्टॉपचं बटणच नाही आणि वर सरकवून उडवणं हेच त्याच्या जवळ जातं. तसं केलं की बॅकग्राउंड रिफ्रेश (मागच्या मागे माहिती ताजी करणं) आणि सायलेंट पुश (स्क्रीनवर न दिसणारे निरोप) त्या ॲपला उठवत नाहीत, दिसणारी नोटिफिकेशन मात्र येत राहतात. बॅटरीसाठी ॲप्स उडवायची गरज आहे का, असं एका युजरने विचारलं होतं तेव्हा ॲपलच्या सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी २०१६ मध्ये ईमेलवर स्पष्ट नाही म्हणून कळवलं होतं. अँड्रॉइडमध्येही काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला स्वाइपलाच जवळपास फोर्स स्टॉपसारखं वागवतात, म्हणून एकाच सवयीचा परिणाम दोन फोनवर वेगळा दिसतो.

२०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये वरून खाली ओढल्यावर चालू ॲप्स दिसतात आणि पुढे "थांबवा" बटण असतं, ते स्वाइप आणि फोर्स स्टॉप या दोघांच्या मधलं. ॲप मेमरीतून जातं पण अलार्म आणि ठरलेली कामं राहतात.

संशयास्पद ॲपसाठी मात्र यातलं काहीच पुरेसं नाही, हे कळकळीने सांगतो. दोन्हींपैकी काहीही केलं तरी कॅमेरा, मायक्रोफोन, लोकेशनच्या परवानग्या जशाच्या तशा राहतात, आणि दुसऱ्या ॲपने नाव घेऊन थेट हाक मारली तर फोर्स स्टॉप केलेलंही उठू शकतं. ॲप उधळलंय, हँग झालंय, बॅटरी खातंय, तर फोर्स स्टॉप ठीक. भरवसाच नसेल तर परवानग्या काढा आणि अनइन्स्टॉल करा. फोर्स स्टॉपचं बटण फिकट आहे, दाबलंच जात नाही, तर आधी बघा की ॲप खरंच बंद आहे की त्याने डिव्हाइस ॲडमिनचा (फोनवर जादा ताबा देणारा) हक्क घेतलाय. घेतला असेल तर सेटिंग्जमधल्या डिव्हाइस ॲडमिनच्या यादीत जाऊन तो काढा, मग ॲप काढा.

आणि एक करून बघाच. फोर्स स्टॉप केल्यावर बटण फिकट होतं, दहा मिनिटांनी तीच स्क्रीन परत उघडा. तुम्ही ॲप उघडलेलं नसताना बटण पुन्हा गडद झालं असेल तर कुणीतरी त्याला उठवलंय, आणि कुणी ते शोधणं भाग आहे.