रानटी जैतुनाची फांदी : यहूद्यांची निवड आणि ख्रिस्ती मंडळी

यहूद्यांचा पूर्वज अब्राहाम याच्या वंशाशी केलेला करार सर्वकाळचा आहे, असे बायबलमधील उत्पत्तीच्या 17व्या अध्यायात देव सांगतो. येशूला मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा, मानणाऱ्यांत परराष्ट्रीयांची (यहूदी नसलेल्यांची) संख्या वाढू लागली, तेव्हा या अभिवचनाचा वारस कोण, हा प्रश्न मंडळीपुढे, म्हणजे ख्रिस्ती समुदायापुढे, उभा राहिला. इसवी सन 57च्या सुमारास रोमकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलाने, जो स्वतः यहूदी होता, त्यासाठी 9 ते 11 हे तीन अध्याय खर्ची घातले. पुढचे बहुतेक वाद यांतला कोणता भाग वाचायचा आणि कोणता चाळून पुढे जायचे यावरून झाले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

इस्राएल हे जातिवंत जैतुनाचे झाड. त्याच्या काही फांद्या तोडल्या गेल्या आणि तिथे रानटी जैतुनाची फांदी, म्हणजे परराष्ट्रीय विश्वासणारे, कलम केली गेली, असा पौलाचा दृष्टान्त आहे. माळी एरवी रानटी खुंटावर जातिवंत काडी बांधतो. इथे उलटे आहे, आणि हे निसर्गक्रमाविरुद्ध असल्याचे पौल स्वतःच लिहितो. तू मुळाला आधार देत नाहीस, मूळ तुला आधार देते, तेव्हा तोरा मिरवू नकोस, अशी तंबीही तो देतो.

ही तंबी फार काळ टिकली नाही. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरने ख्रिस्ती लोक हेच खरे, आत्मिक इस्राएल असल्याचे मांडले. यहूद्यांना जिवे मारू नये, त्यांनी विखुरलेल्या अवस्थेत शास्त्राचे साक्षीदार म्हणून राहावे, हे पुढे ख्रिस्ती धर्मशास्त्री ऑगस्टीनचे म्हणणे. त्यात संरक्षण होते तशी अवहेलनाही होती. स्ट्रासबुर्ग कॅथीड्रलच्या दक्षिण दारावर 1230च्या सुमारास दोन स्त्रिया कोरल्या गेल्या, एक ख्रिस्ती मंडळीचे आणि दुसरी यहूदी सभास्थानाचे प्रतीक. मुकुट घातलेली मंडळी ताठ उभी आहे, तर डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या सभास्थानाच्या हातातला भाला मोडलेला आहे. शिल्पकाराने पराभूत स्त्रीलाच अधिक देखणी घडवले, असे पाहताना वाटून जाते.

16व्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विनच्या परंपरेत देवाने केलेल्या निवडीची चर्चा मुख्यतः एकेका व्यक्तीच्या तारणाभोवती फिरली. 19व्या शतकात धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बीने मात्र इस्राएल आणि मंडळी या दोन वेगळ्या प्रजा ठरवून भूमीची अभिवचने शब्दशः घेतली. 1909च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांतून हा विचार अमेरिकेत घरोघरी गेला.

कॅथलिक मंडळीला पौलाकडे परतायला नाझींनी केलेला यहूदी संहार घडावा लागला. पत्नी आणि मुलगी त्यात गमावलेले फ्रेंच यहूदी इतिहासकार ज्यूल इझाक 13 जून 1960 रोजी पोप तेविसावे जॉन यांना भेटले. 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हे इतर धर्मांविषयीचे घोषणापत्र 2221 विरुद्ध 88 मतांनी स्वीकारले. देव आपली दाने व पाचारण मागे घेत नाही, हे रोमकरांस पत्रातले विधान त्यात आधाराला घेतले होते, पण मंडळी ही देवाची नवी प्रजा आहे, हे वाक्यही त्याच परिच्छेदात राहिले. 1980मध्ये जर्मनीतील माइन्ट्‌समध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी यहूद्यांचा करार देवाने कधीही रद्द केलेला नाही, असे स्पष्ट सांगितले. मग ख्रिस्ताविना तारण नाही, या शिकवणुकीचे काय? 2015च्या व्हॅटिकन दस्तऐवजाने दोन्ही विधाने कायम ठेवली आणि ती एकत्र कशी नांदतात, हे देवाचे अगाध रहस्य म्हणून सोडून दिले.