पडद्याचा दिवा : कोऱ्या पार्श्वभूमीच्या पोर्ट्रेटमागचा इतिहास

छायाचित्रणाची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली, तेव्हा प्रकाशपाटीला (जिच्यावर चित्र उमटे त्या पाटीला) उजेड इतका वेळ द्यावा लागे की स्टुडिओला काचेचे छप्पर हवेच असे; वरून उतरणारा तो उजेड माणसावर आणि त्याच्यामागच्या पडद्यावर एकत्रच पडे. पडदा वेगळा उजळण्याची खरी सोय विजेच्या दिव्यांनी झाली. जिना किंवा बाग रंगवलेल्या पडद्यावर उजेड कमी-जास्त झाला तरी चित्रात तो खपून जातो, कोरा पडदा मात्र काहीच झाकत नाही.

येथे एका शब्दाचा गुंता आधी सोडवला पाहिजे. ‘पार्श्वप्रकाश’ म्हटले की दोन वेगळे दिवे डोळ्यांसमोर येतात : मागून येऊन केसांवर व खांद्यांवर उजळ कड काढणारा बॅकलाइट आणि माणसाकडे पाठ करून पडद्यावर रोखलेला बॅकग्राउंड लाइट. ऐकणाऱ्याने पहिला अर्थ घेतला, तर दिवा माणसाच्या पाठीवर पडतो आणि पडदा होता तसाच काळपट राहतो. ‘पडद्याचा दिवा’ हे साधे नाव मला म्हणूनच अधिक नेमके वाटते.

तो दिवा का लागतो, हे अंतरावरून कळते. मुख्य दिवा चेहऱ्यापासून १ मीटरवर आणि पडदा चेहऱ्याच्या २ मीटर मागे असेल, तर पडदा दिव्यापासून ३ मीटरवर येतो आणि चेहऱ्याच्या तुलनेत त्याच्यावर साधारण नववा हिस्साच उजेड पडतो. पांढराशुभ्र कागदही फोटोत राखाडी उमटतो. माणसाला पडद्याला टेकवून उभे केले तर कागद पांढरा राहतो, पण कानामागे काळी सावली उभी राहते, आणि पासपोर्टच्या फोटोत ती चालत नाही.

नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे सरकत असताना, बर्डीच्या एखाद्या बंद खोलीत हजार वॅटचा आणखी एक हॅलोजन पेटवणे नकोसे वाटणे स्वाभाविकच होते. फ्लॅश आणि पुढे एलईडी आल्यावर ही अडचण उरली नाही. तरीही आता पडदा न उजळता माणूस संगणकावर कापून पांढऱ्यावर बसवण्याची सवय वाढली आहे, आणि मोकळ्या केसांच्या टोकांशी ती काप लगेच दिसते. पडदा चेहऱ्यापेक्षा एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजळ ठेवला की काम भागते. त्याहून फार वाढवला, तर पडद्यावरून परतणारा उजेड गालाची कड खाऊन टाकतो.