डोंगल खोक्यावरच्या नावावरून ओळखू नका

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसरही लागतो, त्यामुळे चांगले चालणारे असंख्य डेस्कटॉप एकाएकी जुने ठरले. नाशिकमध्ये असे संगणक सिडकोतल्या घरांत आहेत, सातपूर-अंबडच्या वर्कशॉपच्या छोट्या ऑफिसांत आहेत, कॉलेज रोड आणि अशोक स्तंभाच्या आसपासच्या अभ्यासिकांतही आहेत. त्यांतल्या काहींवर आता विंडोजऐवजी लिनक्स या मोफत प्रणालीचं मिंट किंवा उबुंटू हे रूप चालतं, आणि छान चालतं. अडतं ते वाय-फायपाशी. जुन्या डेस्कटॉपमध्ये वाय-फाय नसतंच. राउटर खालच्या मजल्यावर असतो आणि वायर ओढायला घरमालक तयार नसतो. मग एम. जी. रोडवरून चार-पाचशे रुपयांचा यूएसबी वाय-फाय डोंगल येतो. तो लावला जातो, पण नेटवर्कची यादी रिकामीच राहते.

‘लिनक्सला वाय-फाय जमत नाही’ असं म्हणून लोक इथेच हात टेकतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्यापायी धडधाकट मशीन भंगारात जातं याचं मला फार वाईट वाटतं. डोंगल चालणार की नाही हे आतली चिप ठरवते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं नाव संगणक वाचत नाही, तो एक क्रमांक वाचतो.

हा क्रमांक त्याच्यापर्यंत कसा पोचतो ते पाहू. यूएसबी २.० मध्ये चार तारा असतात. दोन ५ व्होल्टच्या विजेसाठी आणि दोन माहितीसाठी. पोर्ट रिकामं असतं तेव्हा माहितीच्या दोन्ही तारा शून्य व्होल्टच्या जवळ धरून ठेवलेल्या असतात. डोंगलच्या आत १.५ किलोओहमचा एक रोधक असतो. डोंगल आत सरकला की हा रोधक त्यांतल्या एका तारेचा दाब ३.३ व्होल्टकडे खेचतो. कुणीतरी आलंय हे संगणकाला एवढ्यावरून कळतं. तो डोंगलला रीसेट करतो आणि पत्ता क्रमांक ० वर ‘तू कोण?’ असं विचारतो. उत्तर १८ बाइटचं येतं. त्यांतले दोन बाइट निर्मात्याचा क्रमांक सांगतात आणि दोन उत्पादनाचा. मग १ ते १२७ मधला एखादा पत्ता त्या डोंगलला मिळतो. सेकंदभराच्या आत हे सगळं उरकतं.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून ‘एलएसयूएसबी’ ही अक्षरं लहान इंग्रजी लिपीत सलग टाइप केली की हे क्रमांक दिसतात, उदाहरणार्थ ०बीडीए:८१७९. ही सोळा चिन्हांची अंकपद्धत आहे, म्हणजे ० ते ९ नंतर ए ते एफ ही अक्षरंसुद्धा अंकच. ०बीडीए म्हणजे रिअलटेक, १४८एफ म्हणजे रॅलिंक, ०सीएफ३ म्हणजे अ‍ॅथेरॉस आणि ०ई८डी म्हणजे मीडियाटेक. काही कंपन्या डोंगलवर स्वतःचा क्रमांक टाकतात, तेव्हा तो क्रमांक नेटवर शोधला की आतली चिप कळते.

लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, हा क्रमांक मिळाला की तो एका यादीत शोधला जातो. कर्नलमधला प्रत्येक ड्रायव्हर, म्हणजे एखादं यंत्र चालवणारा प्रोग्राम, आपण कोणकोणते क्रमांक सांभाळतो हे स्वतःसोबत लिहून आणतो, आणि त्या सगळ्यांची मिळून एक मोठी यादी डिस्कवर तयार असते. क्रमांक सापडला तर तो ड्रायव्हर आपोआप मेमरीत येतो. नाही सापडला तर काहीच होत नाही. स्क्रीनवर चूक झाल्याचा संदेशसुद्धा येत नाही, आणि या शांततेमुळेच माणूस गोंधळतो. म्हणून एलएसयूएसबीच्या यादीत डोंगल दिसतो का, हे सगळ्यात आधी पाहावं. दिसत असेल तर डोंगल, पोर्ट आणि वीज ठीक आहेत. अडचण पुढे कुठेतरी आहे.

एकाच मॉडेलच्या खोक्यात वेगळी चिप निघू शकते, हे अनेकांना पटत नाही. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा डोंगल याचं सगळ्यांत माहितीतलं उदाहरण आहे. पहिल्या आवृत्तीत त्यात अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. नाव तेच राहिलं, फक्त मागच्या बारीक लेबलावर ‘व्ही १’चं ‘व्ही २’ झालं. कर्नलच्या लेखी ही दोन वेगळी यंत्रं आहेत आणि त्यांचे ड्रायव्हरही वेगळे. दुकानात विचारायचंच असेल तर आवृत्ती विचारा. ‘लिनक्सला चालतो का?’ या प्रश्नाला ‘चालतो ना, प्लग अँड प्ले आहे’ हेच उत्तर मिळतं.

ओळखीच्या एका अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणारी एक मुलगी मला म्हणाली, “दादा, वाय-फाय दिसतच नाही, पण सीडी टाकल्यासारखं काहीतरी दाखवतंय.” त्या संगणकाला सीडी ड्राइव्हच नव्हता. तिचं निरीक्षण अचूक होतं. काही डोंगल लावल्या लावल्या स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवतात आणि त्या खोट्या सीडीत विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो. रिअलटेकच्या अशा डोंगलचा क्रमांक तेव्हा ०बीडीए:१ए२बी असा दिसतो. विंडोजवर ड्रायव्हर बसला की डोंगल हे सोंग टाकतो आणि नव्या क्रमांकाने पुन्हा उभा राहतो. लिनक्सवर हे काम ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचा छोटा प्रोग्राम करतो. तो नसेल तर फाइल मॅनेजरमध्ये त्या सीडीवर उजवी क्लिक करून ‘इजेक्ट’ म्हटलं तरी बऱ्याचदा भागतं. तिने तेच केलं. पुन्हा यादी काढली तर क्रमांक बदललेला होता.

ड्रायव्हर मिळाल्यावरही एक टप्पा उरतो, आणि मला या सगळ्या साखळीत तोच सर्वांत सुंदर वाटतो.

वाय-फायवर माहितीचं एक पाकीट नीट पोचलं की घेणाऱ्याने लगेच पोच द्यायची असते. ‘लगेच’ची व्याख्या ८०२.११ या मानकात आहे. २.४ गिगाहर्ट्झवर १० मायक्रोसेकंदांनी आणि ५ गिगाहर्ट्झवर १६ मायक्रोसेकंदांनी पोच निघायला हवी. ती वेळेत आली नाही तर समोरचा ते पाकीट हरवलं असं धरून पुन्हा पाठवतो. आता यूएसबीकडे पाहा. यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट असला, तरी त्याचं वेळापत्रक १२५ मायक्रोसेकंदांच्या ठोक्यांनी चालतं. पाकीट डोंगलकडून संगणकाकडे जाणार, कर्नल ते पाहणार, उत्तर परत येणार, असं करायचं ठरवलं तर दहा मायक्रोसेकंद केव्हाच उलटून गेलेले असतात. चटका बसल्यावर हात मेंदूच्या हुकमाची वाट न पाहता मज्जारज्जूच्या पातळीवरूनच मागे येतो, तशी पोच डोंगलच्या आतूनच निघावी लागते. म्हणून त्या नखाएवढ्या वस्तूत काही कामं जागच्या जागी करणारे सर्किट असतात आणि बहुतेकदा एक छोटा प्रोसेसरही असतो.

त्या प्रोसेसरला प्रोग्राम लागतो. तोच फर्मवेअर. खर्च वाचावा म्हणून अनेक डोंगलमध्ये तो कायमचा साठवलेला नसतो. वीज गेली की डोंगल कोरा होतो. दर वेळी लावल्यावर ड्रायव्हर संगणकाच्या डिस्कवरून फर्मवेअरची फाइल उचलतो आणि यूएसबीवरून डोंगलमध्ये ओततो. ही फाइल डिस्कवर नसेल तर ड्रायव्हर हजर असूनही रेडिओ मुका राहतो. कर्नल इथे मात्र बोलतो. टर्मिनलमध्ये ‘सुडो डीएमईएसजी’ लिहून त्याच्या नोंदी वाचल्या, की फर्मवेअरच्या फाइलचं नाव आणि पुढे ‘एरर -२’ दिसतं. उणे दोनचा अर्थ, फाइल सापडली नाही. डेबियनच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये हा अनुभव हमखास यायचा, कारण फर्मवेअरचा मूळ कोड बहुधा खुला नसतो आणि डेबियन अशा फाइली अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसे. २०२२ मध्ये तिथल्या सदस्यांनी मतदान करून हा नियम बदलला, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून या फाइली सोबतच येतात. अ‍ॅथेरॉसच्या एआर९२७१ चं फर्मवेअर मात्र मूळ कोडसह खुलं झालेलं आहे. त्या चिपवर जाणकारांचा जीव आहे तो यासाठीसुद्धा.

ड्रायव्हर लिहितं कोण? काही चिप कंपन्याच लिहितात, काहींचे ड्रायव्हर बाहेरच्या माणसांनी चिकाटीने लिहिले आहेत. २००७ मध्ये कर्नल २.६.२२ मध्ये ‘मॅक८०२११’ नावाचा सामाईक थर आला. त्याआधी नेटवर्क शोधणं, जोडणं यांचा कोड अनेक ड्रायव्हर आपापला वागवत. मीडियाटेकच्या एमटी७६०१यू या स्वस्त चिपचा ड्रायव्हर याकुब किचिन्स्की यांनी लिहिला, आणि तो २०१५ मध्ये कर्नल ४.२ मध्ये सामील झाला. जेस सोरेनसन यांनी रिअलटेकच्या जुन्या यूएसबी चिपसाठी लिहिलेला ड्रायव्हर ४.४ मध्ये आला. रिअलटेकच्या ८८२१सीयू, ८८२२बीयू वगैरे चिपना फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.२ या आवृत्तीत जागा मिळाली. मूळच्या मिंट २१ मध्ये कर्नल ५.१५ आहे आणि मिंट २२ मध्ये ६.८. म्हणजे ८८२१सीयूचा डोंगल मिंट २१ वर गप्प बसेल आणि मिंट २२ वर आपोआप चालेल. आधी कर्नल नवा करून बघा, हा माझा पहिला सल्ला असतो तो यामुळे.

तरी जमलं नाही तर लोक नेटवरून ड्रायव्हरचा कोड उतरवून स्वतः बांधतात. नाइलाज असेल तर करावं, पण सुखाचा मार्ग तो नाही. कर्नलच्या आतल्या भागांची मांडणी प्रत्येक आवृत्तीत बदलू शकते. जे ड्रायव्हर कर्नलच्या आत आहेत ते त्या बदलासोबतच दुरुस्त होतात. बाहेरच्याला कुणी वाली नसतो. महिना-दोन महिन्यांनी अपडेट येतो, कर्नल बदलतो आणि सकाळी वाय-फाय गायब. ‘डीकेएमएस’ ही व्यवस्था प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधून देते, पण कोडच जुना पडला असेल तर तीही हतबल. त्यात सिक्युअर बूट, म्हणजे ओळख पटलेलाच कोड सुरू होऊ देणारी सोय, चालू असेल तर डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. उबुंटू अशा वेळी एक पासवर्ड ठरवायला लावतो आणि पुढच्या बूटला निळ्या स्क्रीनवर तो मागतो. ती स्क्रीन थोडाच वेळ थांबते. घाईत ‘कंटिन्यू’ दाबलं की सही नोंदली जात नाही आणि डोंगल पुन्हा मुका.

आता नेट आणण्यासाठी लागणारा ड्रायव्हरच नेटवर आहे, ही कोंडी फोडायला खिशातला अँड्रॉइड फोन पुरतो. चार्जिंगच्या केबलने तो संगणकाला जोडा आणि सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. फोनला लागणारे ड्रायव्हर कर्नलमध्ये फार आधीपासून आहेत. संगणकाला वायरचं नेट मिळाल्यासारखं वाटतं आणि अपडेट, फर्मवेअर, सगळं उतरवता येतं.

डोंगल उभा राहिला की नेटवर्कच्या यादीत त्याचं नाव ‘डब्ल्यूएलएक्स’ या तीन अक्षरांनी सुरू होतं आणि पुढे त्याच्या हार्डवेअर पत्त्याची बारा चिन्हं असतात. अशी पंधरा चिन्हं होतात, आणि लिनक्समध्ये अशा नावाची मर्यादाही नेमकी तेवढीच आहे.

इथून पुढचा प्रश्न रेडिओलहरींचा. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. आपण कोणत्या देशात आहोत हे लिनक्सला कळलं नाही तर ते जगातला सर्वांत सावध नियम धरून चालतं आणि काही चॅनेलवर, म्हणजे पट्ट्याच्या ठरावीक भागांवर, नुसतं ऐकतं, स्वतःहून हाक मारत नाही. राउटर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनेलवर असेल तर तो यादीत यायला उशीर लागतो तो यामुळेही. देश ‘आयएन’ ठरवून दिला की बहुधा हा घोळ मिटतो.

पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशिकमधल्या वाड्यांच्या दगड-विटांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ लवकर दमतं. तिथे २.४ बरं. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये याच्या उलट. प्रत्येक घरात राउटर आणि २.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. तिथे ५ गिगाहर्ट्झचा डोंगल घ्यावा.

डोंगल कॅबिनेटच्या मागच्या निळ्या, यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये खोचायची सवय मात्र सगळीकडेच दिसते. यूएसबी ३ चं काम चालू असताना त्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्ये तो मोजून प्रसिद्ध केला आहे. शिवाय कॅबिनेटचा पत्रा लहरी अडवतो. मीटरभराची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल काळ्या, यूएसबी २ च्या पोर्टला लावा आणि टेबलावर मोकळ्या जागी ठेवा. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब असते, म्हणून तीन-चार सेंटिमीटर सरकवल्यानेही सिग्नल बदलतो. ‘आयडब्ल्यू’ हे साधन तो डीबीएम या शक्तीच्या एककात दाखवतं. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट होते, त्यामुळे -७५ वरून -६३ वर आलात तर तुमच्या डोंगलपर्यंत पोचणारी शक्ती सुमारे सोळापट झालेली असते.